मूल पुरेसे पीत नसेल तर डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

आजारी मुलाने दोन-तीन दिवस पोळी-भाजीकडे पाहिले नाही, तरी त्याची फार चिंता करण्याचे कारण नसते, कारण बरे वाटू लागले की भूक परत येते आणि राहिलेले भरून निघते. पिण्याच्या बाबतीत मात्र दिवसांची सवलत मिळत नाही. दहा किलो वजनाच्या मुलाला दूध, पाणी, वरण, पेज असे सर्व धरून दिवसाला सुमारे एक लिटर द्रव लागतो. ताप, जुलाब किंवा उलट्या असतील तर शरीरातून पाणी जास्त जाते आणि नेमक्या त्याच वेळी मूल तोंड फिरवते. याच मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा, कमी झाले तर त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. सपाटून जुलाब होत असतील तर ही वेळ काही तासांत येऊ शकते.

घरच्या माणसांपुढे त्या वेळी एकच प्रश्न असतो : वाटी-चमचा घेऊन अजून थोडा वेळ बसावे, की मुलाला उचलून दवाखाना गाठावा? त्याचे उत्तर मूल किती मिलिलिटर प्यायले एवढ्यावरून मिळत नाही. लघवी किती झाली, मूल वागते कसे, आणि ते प्यायला नको म्हणते की पिऊच शकत नाही, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

लघवीचा हिशेब

सर्वांत भरवशाची खूण लघवी आहे. जन्माच्या पाचव्या दिवसानंतर पुरेसे दूध मिळणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आणि ती फिकट असते. लंगोट किंवा दुपटे वापरणाऱ्या घरात हे आपोआप लक्षात येते. डायपर वापरत असाल तर अंदाज चुकतो, कारण चांगला डायपर दोन-तीन वेळची लघवी शोषूनही वरून कोरडा लागतो. शिवाय पाण्यासारखे जुलाब होत असतील तर त्यात लघवी मिसळली आहे की नाही हे कळत नाही. म्हणून आजारपणाच्या दिवसांत काही तास साधे सुती लंगोट बांधावे, किंवा निदान डायपरच्या आत कापसाचा बोळा ठेवून तो ओला होतो का ते पाहावे. प्रत्येक लघवीची वेळ कागदावर लिहून ठेवावी. रात्री दोन वाजता घरातल्या तिघांच्या आठवणी जुळत नाहीत, आणि डॉक्टर पहिल्या चार प्रश्नांत हाच प्रश्न विचारतात.

आजारी असलेल्या एक वर्षाखालील बाळाने सहा तास लघवी केली नसेल तर डॉक्टरांना फोन करावा, आणि आठ तास उलटले तर वाट न पाहता दाखवायला न्यावे. त्याहून मोठ्या मुलाने बारा तास लघवी केली नसेल तर त्यालाही वाट न पाहता दाखवायला न्यावे. लघवी होते आहे पण गडद पिवळी, थोडी आणि उग्र वासाची आहे, तर शरीर पाणी राखून ठेवत आहे असे समजून पिण्याचे प्रमाण त्याच वेळी वाढवावे. अंगावर किंवा बाटलीने पिणारे बाळ लागोपाठ दोन-तीन वेळा नेहमीच्या निम्म्याहूनही कमी प्यायले असेल, तर लघवी अजून होत असली तरी त्याच दिवशी दाखवावे.

या हिशेबाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूल वारंवार भरपूर लघवी करत आहे, रात्री अंथरूण ओले करू लागले आहे, पाणीही खूप पीत आहे आणि तरीही वाळत चालले आहे, जीभ कोरडी पडते आहे, तर तो मुलांमधील मधुमेह असू शकतो. त्यात उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोराने खोल श्वास सुरू झाला तर ती तातडीची अवस्था असते. अशा मुलाची रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.

तहानेची फसवी शांतता

पाणी कमी पडू लागलेले मूल प्रथम चिडचिडे होते. ते किरकिर करते, मांडीवर ठरत नाही, चमचा दिसला की झडप घालते आणि वाटी बाजूला केली की रडते. ही तहान आहे. तिचा अर्थ शरीरातील पाणी कमी झाले आहे, पण मूल अजून ते मागू शकते आणि गिळू शकते असा होतो. या टप्प्यावर ओआरएस (पाकिटातील मीठ-साखरेची पूड पाण्यात विरघळवून केलेले द्रावण) सुरू केले तर बहुतेक मुले सावरतात.

त्यानंतरची पायरी अनेकदा घरच्यांची फसगत करते. रडून रडून थकलेले मूल शांत होते, पाणी मागायचे थांबते, डोळे अर्धवट मिटून पडून राहते, आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘झोपलाय बिचारा, झोपू दे.’ भरपूर पिऊन, लघवी करून मग झोपलेल्या मुलाला जरूर झोपू द्यावे. तहान भागलेली नसताना गप्प झालेले मूल मात्र बरे झालेले नसते, त्याची अवस्था अधिक बिघडलेली असते. त्याला हाक मारून, तळव्याला हलकेच चोळून उठवावे. डोळे उघडून ते तुमच्याकडे पाहते का, ओठाला चमचा लावल्यावर गिळते का, हे तपासावे. निपचित पडलेल्या, उठवूनही न उठणाऱ्या किंवा उठून लगेच मान टाकणाऱ्या मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. या एका बाबतीत मी कोणालाही थांबा म्हणणार नाही.

वागण्याबरोबर शरीराच्या काही खुणा पाहाव्यात. डोळे खोल गेलेले वाटतात का हे आईला विचारावे, कारण मुलाचा नेहमीचा चेहरा तिला ठाऊक असतो. रडताना अश्रू येतात का ते पाहावे. अगदी तान्ह्या बाळाला मुळातच अश्रू येत नसल्यामुळे त्याच्या बाबतीत ही खूण धरू नये. सर्दीने नाक चोंदले असेल तर तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी पडते, म्हणून धुतलेले बोट गालाच्या आतून फिरवून तिथे ओलावा आहे का ते तपासावे. बाळाला मांडीवर उभे धरून, ते रडत नसताना, टाळू खोल गेली आहे का हे पाहावे. टाळू खोल गेली म्हणून तिच्यावर तेल थापून किंवा तोंडातला टाळा वर उचलून उपयोग होत नाही, कारण ती आत ओढली जाते ती शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे, आणि पाणी भरून निघाले की आपोआप वर येते.

कातडीची चिमूट घेऊन पाहण्याची पद्धत आशाताई आणि आरोग्यसेविका यांना शिकवलेली असते, पण ती पालकांनाही जमण्यासारखी आहे. मुलाला पाय सरळ ठेवून उताणे निजवावे. बेंबी आणि कुशी यांच्या बरोबर मधली जागा घ्यावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी, नखे न लावता, शरीराच्या उभ्या दिशेने कातडीची घडी वर उचलावी, क्षणभर धरावी आणि सोडून द्यावी. निरोगी मुलाची घडी सोडताक्षणी नाहीशी होते. ती सावकाश बसत असेल तर पाणी कमी झाले आहे. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणून संपल्यावरही घडी दिसत असेल तर स्थिती गंभीर आहे. गुटगुटीत बाळाची घडी पाणी कमी असूनही चटकन बसते आणि फार हडकलेल्या कुपोषित मुलाची घडी पाणी पुरेसे असूनही रेंगाळते, म्हणून या एकाच खुणेवर निर्णय सोपवू नये. निपचितपणा, खोल गेलेले डोळे, पिता न येणे आणि अतिशय सावकाश बसणारी कातडी यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर आरोग्य कर्मचारी ते तीव्र जलशुष्कतेचे, म्हणजे शरीरातील पाणी धोकादायक प्रमाणात कमी झाल्याचे, लक्षण मानतात. अशा मुलाला शिरेतून सलाईन लागते आणि ते घरी देता येत नाही.

नको म्हणणे आणि पिऊ न शकणे

घसा दुखतो किंवा तोंड आले आहे म्हणून मूल प्यायला नकार देते, तेव्हा त्याला तहान असते पण गिळताना कळ येते. हात, पाय आणि तोंडात फोड येणाऱ्या आजाराच्या साथीत असे पुष्कळ दिसते : मूल पेल्याकडे धावते, एक घोट घेते आणि रडून पेला ढकलते. अशा वेळी गरम किंवा आंबट काही देऊ नये. गार पाणी, गार दूध, थंड केलेली पेज असे पदार्थ चमच्याने द्यावेत आणि डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा पाजण्याच्या अर्धा तास आधी द्यावी. दुखणे कमी झाल्यावर मूल पिऊ लागले तर घरी काळजी घेता येते.

याउलट लाळ गळते आहे, थुंकीसुद्धा गिळता येत नाही, आवाज घोगरा किंवा दबका झाला आहे, मूल पुढे वाकून तोंड उघडे ठेवून बसले आहे, अशी चिन्हे असतील तर घशात गंभीर सूज, गळू किंवा अडकलेली वस्तू असू शकते. खेळण्यातील किंवा रिमोटमधील चपटा गोल सेल गिळला असण्याची पुसट शंका आली तरी थांबू नये, कारण असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आतच आतून भाजू लागतो. या मुलांना बळेच पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

लहान बाळे श्वासामुळेही पिऊ शकत नाहीत. नाक चोंदलेले बाळ स्तन तोंडात धरते, दोन वेळा चोखते आणि सोडून देते. पाजण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब, जे औषधाच्या दुकानात मिळतात, घालून नाक मोकळे केले की पुष्कळदा प्रश्न सुटतो. नाक मोकळे करूनही बाळ दमत असेल तर कपडे वर करून पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर न पिण्याचे कारण छातीत आहे असे धरून त्याला दाखवावे.

ओआरएस नीट कसे द्यावे

१९७१ मध्ये बांगलादेशातून भारतात आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. तिथला मृत्यूदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. हे काम आई-वडील, आजी, मोठी बहीण यांच्या हातून उत्तम होते, हे तेव्हापासून सिद्ध आहे. त्यासाठी द्रावण मात्र बरोबर हवे.

पाकिटावर लिहिलेले असेल तितकेच पाणी घ्यावे : मोठे पाकीट एक लिटरला, लहान २०० मिलिलिटरला. मोठ्या पाकिटातील चमचाभर पूड पेलाभर पाण्यात अंदाजाने ढवळणे हा प्रकार फार घातक आहे, कारण पूड जास्त पडली तर बाळाच्या रक्तातील मीठ वाढून झटके येऊ शकतात. उकळून गार केलेले पाणी वापरावे, वर साखर घालू नये, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून टाकावे. टेट्रापॅकमधील फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस नव्हेत. त्यांतील जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवल्याचा उल्लेख पाकिटावर आहे का, हे औषध दुकानदाराला विचारून घ्यावे.

दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलट्या होणाऱ्या मुलाला पेला तोंडाला लावला तर ते घटाघटा पिते आणि सगळे उलटून टाकते. मग ‘पोटात काही ठरत नाही’ म्हणून पाजणे थांबते. उलटीनंतर दहा मिनिटे थांबावे आणि नंतर लहान चमच्याने, दोन मिनिटांनी एक चमचा, याप्रमाणे द्यावे. पाच मिलिलिटरच्या चमच्याने या संथ गतीनेही तासाभरात १५० मिलिलिटर पोटात जाते. घड्याळ समोर ठेवावे आणि हे काम घरातल्या दोघांनी आलटून पालटून करावे, म्हणजे आईला मधे पाठ टेकता येते. अंगावरचे दूध एकदाही बंद करू नये. मोठ्या मुलाला मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, वरणाचे पाणी, शहाळ्याचे पाणी चालते. चहा, सरबताच्या बाटल्या आणि गॅसची पेये चालत नाहीत. मोठ्यांच्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या मुलांना कधीही देऊ नयेत.

तहानेने कासावीस झालेल्या, डोळे खोल गेलेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर, ओआरएस लागते. हे शक्यतो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावे. मूल फार थकलेले नसेल आणि घरीच पाजणे सुरू असेल, तर चार तासांनी पुन्हा सर्व खुणा पाहाव्यात. लघवी झाली नसेल, मूल आधीपेक्षा मलूल असेल, किंवा दिलेले सगळेच उलटून पडत असेल, तर घरचा प्रयत्न तिथेच थांबवावा.

दोन महिन्यांखालील बाळ

या वयात वरचे बरेचसे नियम लागू पडत नाहीत, कारण इतके लहान बाळ फार कमी खुणा दाखवते आणि फार लवकर खालावते. पिणे कमी होणे हेच त्याच्या जंतुसंसर्गाचे पहिले आणि कधी कधी एकमेव लक्षण असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणारे बाळ अचानक पाजण्यासाठी उठवावे लागू लागले, चोखण्याचा जोर कमी झाला, अंग १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक तापले, किंवा उलट हातपाय व पोटही गार लागू लागले, तर त्याच तासाला निघावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. दहा टक्क्यांहून जास्त उतरले असेल, किंवा कावीळ झालेले बाळ झोपाळू होऊन पीत नसेल, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी.

उन्हाळा कितीही कडक असला, अगदी चंद्रपूर-नागपूरचा मे महिना असला, तरी सहा महिन्यांपर्यंत निरोगी बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज पाणी लागत नाही. अधिक वेळा पाजावे, एवढेच पुरते. वरून पाणी, गुटी, मध किंवा साखरपाणी दिले तर बाळाचे छोटेसे पोट त्यानेच भरते आणि दूध कमी जाते. मधामुळे एक वर्षाखालील बाळाला गंभीर विषबाधाही होऊ शकते.

क्षणभरही थांबू नये असे प्रसंग

पाणी कमी झाल्याची खूण दिसो वा न दिसो, काही प्रसंगी सरळ निघावे : झटका आला, उलटी हिरव्या रंगाची झाली, संडासात रक्त पडले, पोट फुगून टणक झाले, हातपाय गार पडून त्वचेवर डाग दिसू लागले. दीड-दोन महिन्यांच्या आतले बाळ प्रत्येक वेळी दूध लांबवर कारंज्यासारखे उलटून लगेच पुन्हा भुकेले होत असेल, तर शस्त्रक्रियेने दूर होणारा जठराचा अडथळा असू शकतो. त्यालाही त्याच दिवशी दाखवावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत विशेष जागरूक राहावे, कारण डेंग्यूमध्ये तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमक्या त्या वेळी प्रकृती ढासळू शकते. ताप गेला पण मूल पीत नाही, पोट दुखते म्हणते, सारखे उलटते किंवा हिरड्यांतून रक्त येते, तर ताप उतरल्याचा दिलासा मानू नये.

वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवावे. शुद्ध हरपलेल्या किंवा झटका येत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. निघताना लघवी-जुलाबाच्या वेळांचा कागद, शेवटचा डायपर पिशवीत बांधून, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि अलीकडचे वजन लिहिलेले अंगणवाडीचे किंवा लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे; सलाईन किती द्यायचे हे वजनावर ठरत असल्याने कार्डावरील आकडा तिथे फार उपयोगी पडतो.

घरी परतल्यावर जुलाबाच्या मुलाला झिंकचे (जस्ताचे) औषध १४ दिवस पूर्ण द्यावे, सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. ओआरएस शेवटच्या पातळ जुलाबापर्यंत सुरू ठेवावे, पुढचे दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्त द्यावे, आणि मूल पुन्हा प्यायचे बंद झाले, ताप आला किंवा संडासात रक्त दिसले, तर पुढच्या तपासणीची तारीख दूर असली तरी त्याला त्याच दिवशी परत न्यावे.